छातीतली वीज: लाइनमन बाबा पेसमेकरला नको म्हणताहेत

अबोली · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मी इथे वाचते रोज, लिहिते क्वचित. आज राहवत नाही म्हणून लिहितेय.

माझे बाबा ७४ वर्षांचे. वीजखात्यात ३४ वर्षं लाइनमन होते. कळवा, खारेगाव, मुंब्रा, शीळ, सगळीकडचे खांब त्यांनी पायाखाली घातलेत. निवृत्तीनंतर रोज पहाटे ठाण्याच्या तलावपाळीला तीन फेऱ्या, एकही चुकवायची नाही. गेल्या बुधवारी दुसऱ्या फेरीत डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कठड्याला धरून खाली बसले. फुलवाल्या मावशींनी पाणी दिलं. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. आज दुपारी मोरीच्या दारात सरळ कोसळले. अर्ध्या मिनिटात शुद्धीवर आले, पण कपाळाला खोक.

ईसीजी काढला तेव्हा नाडी ३६. डॉक्टर म्हणाले 'कम्प्लीट हार्ट ब्लॉक', पेसमेकर बसवावा लागेल, आत्ताच दाखल व्हा. बाबांनी 'माझ्या जबाबदारीवर जातो' अशी सही केली आणि घरी निघून आले.

कारण मला माहीत आहे. १९८९ साली त्यांचा कामावरचा जोडीदार त्यांच्या डोळ्यांदेखत खांबावरच दगावला. लाइन बंद होती, परमिट हातात होतं, पण कुणाच्या तरी जनरेटरचा करंट उलटा तारेत आला. काकांना खाली उतरवलं तेव्हा तळहातावर रुपयाएवढा काळा डाग, बाकी ओरखडासुद्धा नाही. हृदय मात्र बंद. तेव्हापासून बाबांच्या डोक्यात पक्कं बसलंय, हृदयाची आणि विजेची गाठ पडली की माणूस संपला. मघाशी म्हणाले, "जिला हात लावायच्या आधी जन्मभर दहादा विचार केला, तिला आता छातीत घेऊन झोपू?"

हृदयात मुळातच वीज असते म्हणतात. ती काय असते? लाइनमनला पटेल असं कुणी सांगू शकेल का?

डॉ_ऐरोली · सोमवार, रात्री ९.५५

अबोली, उत्तर देतो, पण आधी बाबांना आज रात्रीच दाखल करा. नाडी ३६ आणि बेशुद्धी हे दोन्ही एकत्र असेल तर 'सकाळी बघू' म्हणायची सोय नसते. एकटं झोपू देऊ नका, जिना चढू देऊ नका, स्वतः गाडी चालवून तर अजिबात जाऊ देऊ नका. परत चक्कर आली तर १०८ ला फोन.

एक विचारतो. बीपीसाठी मेटोप्रोलोल, अटेनोलोल किंवा डिल्टियाझेम चालू आहे का? या गोळ्यांनीही नाडी मंदावते.

तीन_हात_नाका · सोमवार, रात्री १०.०२

डॉक्टरांचा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. पेसमेकर म्हटलं की लगेच हो म्हणू नये या मताचा मी आहे. माझ्या सासऱ्यांना एका ठिकाणी 'उद्याच बसवू' म्हणून सांगितलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी सगळी औषधं टेबलावर मांडायला लावली आणि काचबिंदूच्या थेंबांची बाटली उचलली. टिमोलोल. डोळ्यांत टाकलेला थेंब नाकावाटे रक्तात उतरतो आणि नाडी कमी करतो. थेंब बदलले, आठवड्याभरात नाडी ६८. आज चार वर्षं झाली, ठणठणीत आहेत.

डॉ_ऐरोली · सोमवार, रात्री १०.०८

तीन_हात_नाका, अगदी बरोबर, असं होतं. औषधं, थायरॉइड, पोटॅशियम, ताजा हार्ट अटॅक, ही कारणं आधी तपासायचीच असतात. पण ती तपासणी इस्पितळात, मॉनिटर लावून करायची. दुसरं मत जरूर घ्या, पण आधी खाटेवर पडा.

अबोली · सोमवार, रात्री १०.१५

बाबांना फक्त अम्लोडिपिन आहे. डोळ्यांचे थेंब कोरडेपणाचे आहेत, बाटली वाचून बघितली. पोटॅशियम, थायरॉइड दुपारीच झालं, दोन्ही ठीक.

बाबा ऐकत नाहीयेत. भावाने गाडी काढून ठेवली आहे. मी तुमचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवतेय. त्यांनी पंखा बंद करायला लावला, म्हणजे ऐकताहेत.

पन्नास_हर्ट्झ · सोमवार, रात्री १०.३१

अबोली, हे दादांना वाचून दाखव.

दादा, मी तुमच्याच खात्यातला. ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रात, म्हणजे विजेच्या कंट्रोल रूममध्ये, २२ वर्षं शिफ्ट केली. मला स्वतःला सहा वर्षांपूर्वी पेसमेकर बसला आणि बसवायच्या आधी मीही तुमच्याएवढाच घाबरलो होतो. म्हणून आपल्या भाषेत सांगतो.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात एक ठिपका आहे, तांदळाच्या दोन-तीन दाण्यांएवढा. तो आपला कंट्रोल रूम. मिनिटाला ६० ते १०० वेळा इशारा देतो, कुणी सांगावं लागत नाही. तो इशारा वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरतो आणि मग खाली जायला एकच वाट आहे. मधलं सबस्टेशन म्हणा. तिथे इशारा मुद्दाम सेकंदाचा साधारण दहावा भाग रोखून धरतात, कारण वरच्या कप्प्यातलं रक्त खाली उतरायला तेवढा वेळ हवा. मग एक जाड फीडर, म्हणजे मुख्य लाइन, तिला डावा-उजवा असे दोन फाटे, आणि शेवटी घरोघर जाणाऱ्या सर्व्हिस वायरींसारखं बारीक जाळं. सगळा स्नायू एका दमात आवळतो. तोच ठोका.

दादा, तुमचा कंट्रोल रूम उत्तम चालू आहे. ईसीजीच्या कागदावर बघा, लहान उंचवटे मिनिटाला ७०-८० पडत असतील. मधला फीडर गेलाय. खालच्या भागाला वरून काहीच पोचत नाही. निसर्गाने सोय करून ठेवली आहे, वरचं सगळं गेलं तरी खालचा स्नायू स्वतःहून मिनिटाला २० ते ४० ठोके मारतो. तुमचे ३६ ते हेच. म्हणजे आज दुपारपासून तुम्ही डिझेल जनरेटरवर आहात, आणि टाकीत तेल किती आहे ते कुणालाच ठाऊक नाही. मोरीत पडलात तेव्हा तो क्षणभर बंदच पडला असणार.

पेसमेकर नवीन वीज घालत नाही. तुटलेली लाइन जोडतो. वरचा इशारा टिपतो आणि खाली पोचवतो, आणि इशारा आलाच नाही तर स्वतः देतो. देतो किती? अडीच-तीन व्होल्ट, तेही सेकंदाचा अडीच हजारावा भाग. घड्याळातल्या सेलच्या दुप्पट. तुम्ही ११ केव्ही, म्हणजे अकरा हजार व्होल्टखाली काम केलंय दादा.

तुमच्या जोडीदाराचं ऐकून गलबललो. त्यांना जे मारलं ते वेगळं. बाहेरचा करंट सेकंदाला ५० हेलकावे खात हातातून पायाकडे छातीतून गेला. लाखो तंतू एका तालात चालतात ते सुटले, प्रत्येक जण आपापला थरथरायला लागला. आपल्याकडे सिंक्रोनिझम सुटतो तसंच. जनरेटर फिरतायत, पण सिस्टिम गेली. याला पन्नास-शंभर मिलिअँपिअरही पुरतात, म्हणून तर घरातला ईएलसीबी, गळती झाली की वीज तोडणारा स्विच, ३० मिलिअँपिअरला ट्रिप होतो. त्यांच्या हृदयात वीज नव्हती आणि ती घुसली, असं झालेलं नाही. होती ती विस्कटली.

निशिगंध_नेरुळ · सोमवार, रात्री १०.३८

अंगावर काटा आला. काका, प्लीज जा इस्पितळात.

अबोली · सोमवार, रात्री १०.५२

बाबांनी दोनदा वाचायला लावलं. आता विचारताहेत (शब्द त्यांचेच): "तार कुठाय? तांबं नाही, अॅल्युमिनियम नाही, बॅटरी नाही. मांसातून वीज जाते कशी आणि येते कुठून?"

डॉ_ऐरोली · सोमवार, रात्री ११.०५

काका, तार नाही, मीठ आहे. मिठाच्या पाण्यातून वीज जाते हे तुम्हाला मी काय सांगणार, अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा तुम्हीच भरलाय.

प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा. बाहेर सोडियम जास्त, आत पोटॅशियम जास्त. पडद्यात अखंड चालणारे पंप आहेत, दर फेरीला ३ सोडियम बाहेर ढकलतात आणि २ पोटॅशियम आत घेतात. हे पंप डेन्मार्कच्या येन्स स्कोउ यांनी १९५७ मध्ये शोधले, नोबेल मिळालं १९९७ ला. त्यांना इंधन लागतं अन्नाचं आणि प्राणवायूचं, म्हणजे दुपारची भाजी-भाकरी हाच तुमचा कोळसा. या सगळ्यातून हृदयाच्या स्नायूच्या पेशीत आत-बाहेर साधारण ९० मिलिव्होल्टचा फरक टिकून राहतो. इशारा आला की सोडियमची दारं उघडतात, फरक क्षणात उलटतो, शेजारच्या पेशीची दारं उघडतात, मग तिच्या शेजारची. इलेक्ट्रॉन तारेतून पळत नाहीत, दारं एकामागून एक उघडत जातात.

९० मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण पडद्याची जाडी बघा, मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या सात-आठ पट, बस्स. हिशेब केला तर सेंटीमीटरला लाखभर व्होल्ट होतात. हवेत ठिणगी पडायला सेंटीमीटरला ३० हजारांच्या आसपास लागतात. तुमच्या छातीतलं इन्सुलेशन त्याच्या तिप्पट ताण ७४ वर्षं झेलतंय, दिवसाला लाखभर ठोके.

आता उठा काका.

अबोली · सोमवार, रात्री ११.२७

निघालो. शर्ट घालताना म्हणाले, "लाख व्होल्ट. आणि एकदाही मेन्टेनन्सला बंद नाही." पन्नास_हर्ट्झ काका, डॉक्टर, तुमचे उपकार कसे फेडू कळत नाही.

कोपरीकर · मंगळवार, सकाळी ७.१०

रात्री झोपलो होतो, आत्ता सगळं सलग वाचलं. काही बातमी?

चेंदणी_बंदर · मंगळवार, सकाळी ८.४५

बातमीची मीही वाट पाहतेय. तोवर एक आठवण सांगते.

मी प्राणिशास्त्र शिकवायचे. त्या काळी बेडकाचं विच्छेदन असायचं, आता बंद झालं ते चांगलंच झालं. पण एक दृश्य मी विसरू शकत नाही. बेडकाचं हृदय काढून काचेच्या बशीत मिठाच्या द्रावणात ठेवलं की ते धडधडत राहायचं. मेंदू नाही, नस नाही, शरीरच नाही, आणि हे बोराएवढं हृदय आपलं चालू. दरवर्षी एक तरी मुलगी रडायचीच. मी तिला रडू द्यायचे.

हे द्रावण ज्यांच्या नावाने ओळखतात ते सिडनी रिंगर लंडनचे डॉक्टर. १८८० च्या दशकातली गोष्ट. त्यांच्या मदतनिसाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं आणि बेडकाचं हृदय छान चाललं. शुद्ध पाणी वापरलं तर लगेच थांबायचं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. डॉक्टरांनी सोडियम-पोटॅशियम सांगितलं, त्यात कॅल्शियमची भर घालते. वीज इशारा देते, पण स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं.

डॉ_ऐरोली · मंगळवार, सकाळी ९.०२

मॅडम, सुरेख. हृदय प्रत्यारोपणात माणसाच्या बाबतीत हेच दिसतं. नव्या हृदयाच्या नसा तुटलेल्या असतात, तरी ते स्वतःच्या ठिपक्यावर चालतं. उलट सामान्यापेक्षा जरा जोरात, साधारण ९० ते ११०, कारण लगाम लावणारी मेंदूकडून येणारी नस जोडलेली नसते.

निशिगंध_नेरुळ · मंगळवार, सकाळी ९.३०

पोटॅशियमवरून आमच्या घरचं सांगते, कारण हे प्रत्येक घरात होऊ शकतं.

आईला मधुमेह, बीपी, किडनी थोडी कमजोर. बीपीसाठी टेल्मिसार्टन, पाय सुजतात म्हणून स्पायरोनोलॅक्टोन. मे महिन्यात उकाडा म्हणून मीच तिला रोज दोन शहाळी द्यायला लागले. शिवाय कुणीतरी सांगितलं म्हणून लो सोडियम मीठ आणलं. दहा दिवसांत तिचे पाय गळून गेले, उठवेना. ईसीजी काढला तर डॉक्टर कागद हातात घेऊन उभेच राहिले. ठोक्यानंतरचा जो गोल उंचवटा असतो तो तंबूसारखा टोकदार. पोटॅशियम ६.८. पाच-साडेपाचच्या आत हवं.

शहाळ्यात पोटॅशियम, लो सोडियम मिठात सोडियमच्या जागी घातलेलं असतं तेही पोटॅशियम, आणि या दोन्ही गोळ्या ते शरीरातून बाहेर जाऊ देत नाहीत. डॉक्टरांनी आधी शिरेतून कॅल्शियम दिलं, मग इन्सुलिन आणि ग्लुकोज. चार तासांत कागद सुधारला. मी तिला प्रेमाने पाजत होते ते काय होतं, हे आठवलं की अजून हात थरथरतात. किडनीचा त्रास असेल तर शहाळंसुद्धा डॉक्टरांना विचारून द्या.

अकरावी_सायन्स · मंगळवार, सकाळी ९.४८

निशिगंध ताई, आई आता बऱ्या आहेत ना?

ईसीजी नक्की काय मोजतो? सरांनी पी-क्यू-आर-एस-टी पाठ करायला सांगितलंय, कळलं काहीच नाही.

निशिगंध_नेरुळ · मंगळवार, सकाळी ९.५५

हो रे बाळा, बरी आहे. आत्ता मेथी निवडतेय.

पन्नास_हर्ट्झ · मंगळवार, सकाळी १०.२०

सायन्स, पाठ करू नकोस, एकदा कागद हातात घेऊन बघ. हृदयात वीज ज्या दिशेने सरकते त्याचा फरक कातडीपर्यंत पोचतो, पण पोचेपर्यंत एक मिलिव्होल्टच्या आसपास उरतो. यंत्र तेच रेखतं. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो. लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद, मोठा ०.२. उंची १० मिलिमीटर म्हणजे एक मिलिव्होल्ट. पी म्हणजे वरचे कप्पे पेटले. मग सपाट रेघ, ते माझं सबस्टेशन, इशारा थांबलाय. क्यूआरएस म्हणजे खालचे मोठे कप्पे. टी म्हणजे ते पुन्हा भरून तयार होताहेत.

ही नावं विलेम आइंटहोवेन यांनी दिली, नेदरलँड्सचे. त्यांना १९२४ चं नोबेल मिळालं. त्यांच्या यंत्रात माणसाचे दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसवायचे. आज थंडगार जेली लावून चिमटे अडकवतात.

येऊरचा_वारा · मंगळवार, सकाळी ११.१५

चांगली चर्चा. पण शरीरात वीज आहे हे मान्य केलं तर मग अर्थिंगच्या चटया, तांब्याचं कडं, चुंबकाचा पट्टा यांना लोक हसतात कशाला? मी रोज उपवनला पहाटे अनवाणी चालतो, मला फार हलकं वाटतं. माझी नाडी ५८ आहे.

डॉ_ऐरोली · मंगळवार, सकाळी ११.४०

अनवाणी चालणं जरूर चालू ठेवा. पहाटे उपवनला तासभर चालणाऱ्याची नाडी ५८ असणं ही चालण्याचीच कमाई आहे. पण हृदयाचा इशारा पेशींच्या पडद्यावर तयार होतो, पायातून जमिनीत 'उतरवून' तो सुधारत नाही. कडं घालून नाडीचा ताल बदलल्याचं मी पाहिलेलं नाही. पेसमेकर असलेल्यांनी तर चुंबकाचा पट्टा छातीजवळ नेऊच नये. चुंबक जवळ आला की पेसमेकर हृदयाचं ऐकणं थांबवतो आणि ठरलेल्या वेगाने एकतर्फी ठोके देत राहतो. मोबाइलही त्या बाजूच्या वरच्या खिशात नको, वीतभर लांब धरा.

येऊरचा_वारा · मंगळवार, दुपारी १२.०५

चुंबकाचं हे मला नवीन. पट्टा मेव्हण्याला दिला होता, त्याला पेसमेकर आहे. आत्ता फोन करतो.

कोलशेत_खाडी · मंगळवार, दुपारी १.३०

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी एईडी मशीन (हृदयाचा विस्कटलेला ताल झटक्याने जागेवर आणणारं) घ्यायचा ठराव आला तेव्हा मी विरोध केला होता. लाखाच्या घरातलं यंत्र, भिंतीवर धूळ खाणार, असं सभेत उभं राहून बोललो. ठराव तीन मतांनी मंजूर झाला.

जानेवारीत बॅडमिंटन कोर्टवर ५२ वर्षांचे एक गृहस्थ सर्व्हिस करता करता पडले. श्वास नाही, नुसतं मधूनमधून आचके. आम्ही सगळे 'पाणी आणा, चप्पल हुंगवा' करत होतो. गेटवरचा सुरक्षारक्षक धावत आला. त्याने प्रशिक्षण घेतलं होतं. गुडघे टेकून छातीच्या मधोमध तळहात ठेवून दाबायला लागला, मोठ्याने मोजत. आवाज अजून कानात आहे, कारण तो मोजत होता भोजपुरीत. दुसऱ्याने मशीन आणलं. दोन पट्ट्या चिकटवल्या, मशीनने स्वतः ताल तपासला, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं आणि एक झटका. अंग एकदा उसळलं. आणखी दोन मिनिटं दाबल्यावर त्यांनी हात हलवला.

ते आज खाली मुलाला सायकल शिकवत होते. गॅलरीतून बघताना मला त्या सभेतलं माझं भाषण आठवत होतं. म्हणून इथे लिहितोय. तुमच्या सोसायटीत ठराव आला तर हात वर करा.

कोपरीकर · मंगळवार, दुपारी १.५०

एक कळत नाही. पन्नास_हर्ट्झ म्हणतात झटक्याने ताल विस्कटतो. मग झटक्यानेच जागेवर कसा येतो?

पन्नास_हर्ट्झ · मंगळवार, दुपारी २.१५

१२ ऑक्टोबर २०२० आठवतो? सोमवार, सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम अंधारात, लोकल जागच्या जागी. पडघा-कळवा लाइन गेल्या होत्या. अशा वेळी अर्धवट चालू, अर्धवट बंद अशा अवस्थेत काही जुळवता येत नाही. सगळं एकदा शांत करायचं आणि एका ठिकाणाहून क्रमाने उभं करायचं. एईडी तेच करतं. सगळ्या तंतूंना एका क्षणी गप्प करतं. मग जो सगळ्यात आधी बोलतो तो म्हणजे वरचा ठिपका, आणि बाकीचे त्याच्यामागे जातात.

फरक एवढाच की आमच्याकडे तासन् तास होते. इथे मिनिटं.

डॉ_ऐरोली · मंगळवार, दुपारी २.३०

आणि छाती दाबली नाही तर दर मिनिटाला जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. दाबायचं मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटीमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. घाबरू नका, एईडी चालू हृदयाला झटका देत नाही, आधी ताल बघतं. १२ जून २०२१ ला डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिक्सन मैदानात असाच कोसळला होता. जागेवरच छाती दाबली, झटका दिला, आणि पुढे तो पुन्हा खेळला.

हार्ट अटॅक आणि हे एक नव्हे. अटॅक म्हणजे नळ तुंबला. हे म्हणजे वायरिंग गेलं. तुंबलेल्या नळाने वायरिंग जाऊ शकतं, म्हणून छातीत दुखतंय तेव्हाच धावायचं.

मिसळ_तिखटच · मंगळवार, दुपारी ३.०५

मामलेदारची तिखट मिसळ खाल्ल्यावर माझी नाडी ११० ला जाते. हा कंट्रोल रूमचा दोष की तर्रीचा?

चेंदणी_बंदर · मंगळवार, दुपारी ३.१०

तर्रीचा. पाव जास्त घ्या.

पामबीच · मंगळवार, दुपारी ४.२०

मंद नाडीची चर्चा झाली, माझं उलटं होतं. मनगटावरच्या घड्याळाने रात्री तीनला 'ताल अनियमित' अशी सूचना दिली. त्रास शून्य. बायकोने धरून वाशीला नेलं. एट्रियल फिब्रिलेशन. वरचे कप्पे नुसते थरथरतात, रक्त एका कोपऱ्यात साचून गाठ होते आणि ती मेंदूत गेली तर पक्षाघात, धोका साधारण पाचपट. रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली. त्रास नाही म्हणून मी घड्याळ काढून झोपणार होतो.

अबोली · गुरुवार, रात्री ८.१५

मंडळी, उशीर झाला, माफ करा. आत्ता सगळे प्रतिसाद वाचले.

सोमवारी रात्री इस्पितळात पोचलो आणि मॉनिटर लावल्यावर वीस मिनिटांत बाबांचा ठोका पाच सेकंद थांबला. पडद्यावर नुसती रेघ. लहान उंचवटे चालू होते, काका म्हणाले तसेच, पण मोठा ठोका नाही. मी बाबांचा हात धरून उभी होते, त्यांचे डोळे वर गेले. मग एक ठोका आला. लगेच मांडीतून तात्पुरता पेसमेकर घातला. आम्ही सकाळपर्यंत घरी थांबलो असतो तर, हे वाक्य मी अजून पुरं करू शकत नाही.

काल कायमचा बसवला. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली, तेवढाच भाग बधिर करून. बाबा जागे होते, तासभर. आकाराने काडेपेटीपेक्षा लहान. जगातला पहिला १९५८ मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांना बसवला आणि तो काही तासच चालला, असं तंत्रज्ञ मुलाने सांगितलं. ते पुढे २००१ पर्यंत जगले आणि एकूण २६ बदलले. बाबांनी विचारलं, "माझी बॅटरी किती वर्षं?" तो म्हणाला, आठ ते बारा. "मग एकदा बदलू," म्हणाले.

आज तपासणीला तोच मुलगा यंत्र घेऊन आला. छातीवर एक चकती ठेवली आणि पडद्यावर आकडे. बाबा उठून बसले. "लीडचा रेझिस्टन्स किती दाखवतोय?" लीड म्हणजे पेसमेकरपासून हृदयापर्यंतची तार. मुलगा चमकला. ५४० ओहम. "जॉइंट चांगला बसलाय," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडून वही मागून घेतली. तारीख, ५४० ओहम, बॅटरी २.८ व्होल्ट, नाडी ६०. पूर्वी फीडरचं रीडिंग लिहायचे त्याच अक्षरात, खाली सही.

डावा हात महिना-दीड महिना खांद्याच्या वर न्यायचा नाही, हे मात्र कठीण जाणार आहे. आमचा मेन स्विच दाराच्या वर आहे.

निशिगंध_नेरुळ · गुरुवार, रात्री ८.२२

देवाची कृपा. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली काकांना नमस्कार सांग.

येऊरचा_वारा · गुरुवार, रात्री ८.४०

आनंद झाला. मेव्हण्याने पट्टा काढून टाकला आहे, तेही इथेच सांगतो.

वर्तकनगर_८८ · गुरुवार, रात्री ९.००

विषय अवघड आहे, पण एक सांगायला हवं. पेसमेकर असलेली व्यक्ती कधी गेलीच तर दहनाआधी तो काढावा लागतो, बॅटरी आगीत फुटते. माझ्या वडिलांच्या वेळी आम्हाला माहीत नव्हतं, स्मशानात कर्मचाऱ्याने विचारलं तेव्हा कळलं आणि परत फिरावं लागलं. पेसमेकरचं ओळखपत्र घरात सगळ्यांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा.

अबोली · गुरुवार, रात्री ९.१८

वर्तकनगर, बरं केलंत सांगितलंत. कार्ड देव्हाऱ्याच्या खणात ठेवलंय, भावालाही दाखवलं.

बाबांना पन्नास_हर्ट्झ काकांसाठी निरोप लिहायचाय, ते सांगताहेत ते तसंच लिहिते:

"साहेब, नमस्कार. ८९ साली आमचा माणूस गेला तेव्हा कुणी समजावून सांगितलं नाही की आत काय झालं. पस्तीस वर्षं मी समजत होतो की वीज त्याच्या हृदयात शिरली. तुम्ही सांगितलंत की होती ती विस्कटली. हे मी त्याच्या मुलाला सांगणार आहे. तो आता खारेगावला असतो. आणि ज्यांच्याकडे जनरेटर आहे त्यांनी चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे करंट उलटा लाइनमध्ये जाणार नाही, एवढं माझ्या वतीने लिहा. तुम्ही तलावपाळीला येता का कधी? डॉक्टरांनी दहा दिवसांनी एक फेरी सांगितली आहे."

पन्नास_हर्ट्झ · गुरुवार, रात्री ९.४५

दादा, येतो. पुढच्या रविवारनंतरचा रविवार, पहाटे साडेसहा, गडकरी रंगायतनच्या बाजूला थांबा. फेरी एकच, आणि डाव्या हाताने काही उचलायचं नाही. खारेगावच्या मुलाला आणता आलं तर त्यालाही आणा.